नख काळं पडलंय, सुईनं भोक पाडू का?

प्रश्न : शनिवारी संध्याकाळी गॅसचा भरलेला सिलिंडर तिरका करून खालच्या कडेवर फिरवत ओट्याखाली नेत होते. हात सुटला आणि खालची कड उजव्या पायाच्या अंगठ्यावर आपटली. कातडी फाटली नाही, रक्त बाहेर आलं नाही, पण तासाभरात निम्म्याहून जास्त नख काळंजांभळं झालं. ठणक्यानं रात्रभर डोळा लागला नाही. आज सोमवार. ठणका जरा कमी आहे, पण चादर लागली तरी कळ येते. शेजारचे भाऊ म्हणतात, सुई लाल करून नखाला भोक पाडा, लगेच बरं वाटेल. सासूबाईंनी मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवायला लावला, तर ठणका वाढला. आता आंबेहळदीचा लेप लावलाय. नख काढावं लागेल का? धनुर्वाताचं इंजेक्शन मागच्या वर्षी गळू कापलं तेव्हा घेतलं होतं, पुन्हा घ्यायचं का? बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. वय ४८. सात आठवड्यांनी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघायचं आहे, पूर्ण वारी पहिल्यांदाच चालणार आहे. जमेल का?
– एक वाचक भगिनी, कराड तालुका

उत्तर :

ताई, सुई बाजूला ठेवा. शेजारच्या भाऊंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, दवाखान्यात याच तत्त्वावर उपचार होतो. पण तो पहिल्या दिवसाचा उपचार आहे. तुमच्यासाठी त्याची वेळ टळून गेली आहे आणि घरच्या सुईनं तो कधीच करायचा नसतो. त्याआधी एक काम राहिलंय ते करा : अंगठ्याचा एक्स-रे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त भरतं. म्हणजे तीस किलोच्या आसपासचा भार खालच्या अरुंद कडेवरून थेट तुमच्या अंगठ्यावर आला. नखाच्या खाली एक पातळ, नाजूक गादी असते आणि तिच्या लगेच खाली हाड. मध्ये चरबीचा थर नाही. तळपायाला किंवा टाचेला जशी उशी असते तशी इथे काहीच नसते. त्यामुळे नखावर एवढा जोराचा मार बसला आणि निम्म्याहून जास्त नख काळं झालं, की खालच्या हाडाला तडा गेला असण्याची शक्यता गृहीत धरून चालावं लागतं. चालता येतंय म्हणजे हाड शाबूत आहे, ही समजूत खोटी आहे. टोकाच्या हाडाला चीर असली तरी माणूस टाचेवर जोर देऊन चालतो.

एक्स-रे काढताना ‘पूर्ण पायाचा’ न सांगता ‘अंगठ्याचा, समोरून आणि बाजूनं’ असा सांगा. बाजूनं काढलेल्या पूर्ण पायाच्या फिल्ममध्ये पाचही बोटं एकावर एक येतात आणि बारीक चीर त्यात लपून जाते. अंगठा इतर बोटांपासून वेगळा धरून फोटो काढला तरच ती दिसते.

आता तुमच्या नखाखाली काय झालंय ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लक्षात येईल. मार बसल्यावर नखाच्या गादीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. एरवी मुका मार लागला की रक्त मांसात पसरतं, सूज येते आणि दाब वाटला जातो. इथे वर कडक नख आणि खाली हाड, त्यामुळे चार थेंब रक्तालाही जागा मिळत नाही. ते दाबाखाली अडकून राहतं आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ठणकतं. पाय खाली सोडला की ठणका वाढतो, वर घेतला की उतरतो, तो यामुळेच. गरम पाण्यात पाय बुडवल्यावर रक्तवाहिन्या रुंदावल्या, रक्ताचा ओघ वाढला आणि ठणकाही वाढला. सासूबाईंचा हेतू चांगला होता, पण शेक हा पहिल्या दोन दिवसांचा उपाय नाही. मिठानंही त्यात काही फरक पडत नाही.

हा दाब पहिल्या २४ ते ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. रक्त पातळ असतं तोवर नखाला भोक पाडलं की ते बाहेर येतं आणि रुग्णाला तिथल्या तिथे आराम पडतो. पुढे रक्त गोठतं. गोठलेलं रक्त भोकातून येत नाही, आणि तोवर दुखणंही आपोआप उतरणीला लागलेलं असतं. तुम्ही पत्र लिहिलं तेव्हाच दोन दिवस झाले होते आणि ठणका कमी होत होता. हे उत्तर वाचाल तेव्हा आणखी काही दिवस गेलेले असतील. आता भोक पाडून हाती काही लागणार नाही, उलट बंद जागेत जंतूंना वाट मिळेल.

पण पुढे घरात कुणावर ही वेळ येईल, दारात बोट चेमटेल, पायावर वरवंटा पडेल, तेव्हासाठी दवाखान्यात हे कसं करतात ते सांगून ठेवतो. नख आधी पोविडोन आयोडीननं स्वच्छ करतात. मग तापलेल्या तारेच्या छोट्या यंत्रानं, किंवा १८ नंबरची निर्जंतुक सुई बोटांच्या चिमटीत गोल फिरवत, रक्त साकळलेल्या जागेच्या मधोमध एक-दोन मिलिमीटरचं भोक पाडतात. नखाला स्वतःच्या संवेदना नसतात, म्हणून बहुतेक वेळा भूल लागत नाही. कौशल्य आहे ते नेमक्या क्षणी थांबण्यात. नखाची जाडी ओलांडली की सुई थांबली पाहिजे. तापलेल्या तारेचा एक फायदा असा, की ती नखातून पार होऊन रक्ताला टेकताच निवते आणि खालच्या गादीला भाजत नाही. भोक फार बारीक पडलं तर रक्ताची गुठळी होऊन ते बुजतं, म्हणून ते पुरेसं मोठं ठेवतात, कधी दोन पाडतात. नखावर नेलपॉलिश किंवा चिकटवलेलं कृत्रिम नख असेल तर ते आधी काढावं लागतं आणि स्पिरिटनं पुसून लगेच तापलेली तार लावत नाहीत, कारण या वस्तू पेट घेतात. नंतर कोरड्या गॉजची सैल पट्टी बांधतात. दिवस-दोन दिवस थोडं थोडं रक्त झिरपतं, ते झिरपायलाच हवं. तेवढे दिवस पाय पाण्यात बुडवायचा नाही.

घरी मेणबत्तीवर किंवा शेगडीवर सुई लाल केली की तिच्यावर काजळी धरते. चिमटीत धरलेल्या सुईवर जोर किती द्यायचा याचा अंदाज येत नाही, ती एकदम आत घुसते आणि गादी भाजते. त्या गादीखाली लगेच हाड आहे. हाडाला तडा असेल आणि आपण वरून वाट उघडली, तर जंतू थेट हाडापर्यंत जातात. हाडाचा जंतुसंसर्ग आठवडेच्या आठवडे औषधं घ्यायला लावतो. चार घटकांच्या आरामासाठी एवढी जोखीम कुणीही घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

नख काढायचं का? नाही. पूर्वी नख पाव किंवा निम्मं काळं झालं की ते काढून खालची गादी टाके घालून शिवावी, असा प्रघात होता. आता नखाच्या कडा शाबूत असतील आणि नख जागेवर घट्ट असेल, तर कितीही भाग काळा असला तरी नख काढत नाहीत. कारण साधं आहे. गादी भरून येण्यासाठी नखाइतकं चांगलं आवरण दुसरं नाही. ते जंतू अडवतं, मार अडवतं आणि नव्या नखाला वाढायला सरळ वाट देतं. नख गेलं की बोटाच्या टोकाचं मांस वर उचललं जातं आणि नवीन नख पुढे येताना त्या मांसात रुततं. पुढे वर्षभर कडा दुखत राहतात.

काही वेळा मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावंच लागतं. नख उभं-आडवं चिरलंय, नखाच्या कडेखालून रक्त वाहतंय, किंवा नखाची मुळाकडची बाजू कातडीतून उचकटून वर आलीय, यापैकी काही झालं तर खालची गादी फाटलेली असते आणि ती नीट जुळवावी लागते. नख पूर्ण निघून आलं तर ते फेकू नका. ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून सोबत न्या, बरेचदा तेच धुऊन झाकण म्हणून परत बसवतात. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवं. मुलांच्या बोटाच्या हाडात वाढीची चकती नखाच्या मुळाजवळच असते. मार लागून नखाच्या मुळाशी रक्त आलं आणि नख कातडीवर चढल्यासारखं दिसलं, तर चकती मोडून जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते. ‘नखच तर आहे’ म्हणून घरी थांबलं की बोटाची वाढ बिघडते.

तुमच्या अंगठ्यावर आंबेहळदीचा लेप आहे, तो कोमट पाण्यानं आणि साबणानं धुऊन टाका. कातडी शाबूत असताना लेपानं अपाय होत नाही, पण नखातून तो आत पोचत नाही आणि पिवळा रंग सगळ्यावर चढल्यानं लाली किती, काळा डाग कुठवर, हे कळेनासं होतं. आम्हाला धास्ती असते ती हळद-चुन्याच्या लेपाची. चुन्यानं कातडी भाजते, आणि सुजलेल्या बोटावर भाजलेली कातडी म्हणजे नवीन जखम. तीच गोष्ट टूथपेस्ट आणि शेणाची. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, ते जखमेच्या आसपासही फिरकू देऊ नका.

जोडवी घालत असाल तर त्या पायातली आजच काढा. जोडवं शेजारच्या बोटात असतं, पण सूज अंगठ्यापुरती थांबत नाही. सुजलेल्या बोटात चांदीचं वेढं रुतलं की रक्तपुरवठा अडतो. बहुतेक जोडव्यांची टोकं खालून उघडी असतात, ती हलकेच फाकवा. बंद असतील तर पाय दहा मिनिटं उंच ठेवून बर्फ लावा, मग साबणाचं पाणी लावून फिरवत काढा. तरीही निघाली नाहीत तर कापून घ्या, चांदी मऊ असते, सोनाराकडे मिनिटाचं काम आहे. बोट पांढरं किंवा निळं पडलं, बधिर झालं, तर सोनाराची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा.

पहिल्या दोन दिवसांत खरा गुण दोन गोष्टींनी येतो. एक, पाय छातीपेक्षा उंच. नुसता स्टुलावर ठेवून पुरत नाही. आडवं होऊन पोटरीखाली दोन उशा घ्यायच्या, टाच अधांतरी. दुसरी, बर्फ. ओल्या फडक्यात बर्फाचे खडे गुंडाळून १५ मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. उघडा बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी गारठून फोड येतात. तुमचे हे दोन दिवस गेले आहेत, त्यामुळे बर्फाचा आता फारसा उपयोग नाही. पण संध्याकाळी अंगठा जड झाला की पाय उंच ठेवणं अजून आठवडाभर चालू ठेवा. रात्री पाय चादरीबाहेर ठेवा, किंवा पायथ्याशी एखादं खोकं ठेवून चादर त्यावरून सोडा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांमध्ये किमान सहा तासांचं अंतर, आणि दिवसात एकूण ३ ग्रॅमच्या वर जाऊ नका. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांत हेच औषध असतं, दोन्ही एकदम घेतल्या जात नाहीत ना ते पाहा. यकृताचा आजार असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं. दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर त्या मूत्रपिंडावर ताण आणतात. अ‍ॅस्पिरिन वेदनेसाठी घेऊ नका, त्यानं रक्त जास्त येतं. मात्र हृदयासाठी किंवा मेंदूच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी कायमची अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन दिली असेल, तर नख काळं झालं म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. अशा रुग्णांनी फक्त लवकर दाखवायचं.

धनुर्वाताच्या इंजेक्शनची तुम्हाला गरज नाही. ज्यानं लहानपणचा लसीचा कोर्स पूर्ण केलाय त्याला स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या डोसनंतर १० वर्षं, आणि माती, शेण, गंज लागलेल्या किंवा खोल जखमेसाठी ५ वर्षं पुन्हा डोस लागत नाही. तुमचा डोस मागच्याच वर्षीचा आहे आणि कातडी फाटलेलीच नाही. प्रत्येक खरचटण्याला ‘टीटी मारून घ्या’ हा सल्ला आपल्याकडे सवयीनं दिला जातो. त्यापेक्षा शेवटचा डोस कधी घेतला ते घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवलंत तर दर वेळी उपयोग होईल.

एक्स-रेमध्ये टोकाच्या हाडाला चीर दिसली तरी घाबरू नका. हाड सरकलेलं नसेल तर प्लास्टरची वेळ क्वचितच येते. तळवा वाकणार नाही अशी कडक, जाड तळाची सँडल सगळ्यात महत्त्वाची, कारण पाऊल उचलताना अंगठा वाकतो आणि चीर हलते. डॉक्टर सांगतील तर अंगठा शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधतात, दोन्ही बोटांच्या मध्ये गॉज ठेवून, नाहीतर घामानं कातडी सोलवटते. हाड जुळायला चार ते सहा आठवडे धरा. बोट वाकडं दिसत असेल, किंवा चीर सांध्यात गेली असेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडेच जायला हवं.

पुढच्या काही दिवसांत एका गोष्टीवर नजर ठेवा. दुखणं रोज थोडं थोडं उतरत गेलं पाहिजे. उतरलेलं दुखणं चौथ्या-पाचव्या दिवशी उलटलं, पुन्हा ठसठसू लागलं, नखाच्या कडेला पू दिसला, वास आला, लाली अंगठ्याच्या मागे पावलावर पसरू लागली, अंगात कणकण आली, तर नखाखाली जंतू गेले आहेत. ते नखुरडं म्हणून कांद्याचं पोटीस बांधून बसायचं दुखणं नाही, त्याच दिवशी दाखवा.

तुम्हाला शुगर नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांना असेल. मधुमेह असलेल्यांनी वरचं काहीही घरी करून पाहू नये. पायाच्या नसा मंदावलेल्या असतात, म्हणून सिलिंडर पडूनही ‘विशेष दुखत नाही’ असं वाटतं. हे न दुखणंच घातक आहे. गरम पाण्यानं पाय भाजलेला कळत नाही, नखाखालचा पू कळत नाही. नख काळं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे, दुखत असो वा नसो.

रोजची निगा सोपी आहे. अंगठा साबण-पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट टिपून कोरडा करा. नख घट्ट असेल तर पट्टीची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, नख एका बाजूनं सुटू लागेल. ते ओढून काढायचं नाही. जेवढं सुटलंय तेवढंच स्वच्छ नेलकटरनं थोडं थोडं कापा आणि चिकटलेला भाग राहू द्या. सुटलेली कड पायमोज्यात, साडीच्या काठात अडकते आणि एका हिसक्यासरशी चांगला भागही उचकटतो, म्हणून तिच्यावर कागदी पट्टी लावा. खालची उघडी गादी गुलाबी, ओलसर दिसते. आठवडाभर तिच्यावर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवून गॉज ठेवा, म्हणजे गॉज चिकटत नाही. मग ती आपोआप टणक होते. सुटलेल्या नखाखाली ओल राहिली तर बुरशी धरते आणि नख पिवळं, भुसभुशीत होतं. हिरवट झाक आली तर तेही ओलीतच वाढणारे जंतू. दोन्हींसाठी कोरडेपणाच औषधाचं निम्मं काम करतो.

हा काळा रंग कातडीवरच्या माराच्या डागासारखा हिरवा-पिवळा होत विरून जाणार नाही. रक्त नखाला चिकटून वाळलंय, ते नखाबरोबर पुढे सरकेल. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताच्या नखाच्या निम्म्या वेगानं. त्यामुळे पूर्ण नवं नख यायला १२ ते १८ महिने लागतात. पालखी निघेल तेव्हा तुम्हाला मुळाशी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरची स्वच्छ पट्टी दिसेल, बाकी काळं तसंच असेल. ते बघून खचू नका, ती पट्टी दिसली म्हणजे सगळं ठीक चाललंय. मार नखाच्या मुळाला, म्हणजे चंद्रकोर दिसते तिथे आणि तिच्या मागच्या कातडीखाली, जोरात बसला असेल तर नव्या नखावर आडवी खाच किंवा उभी रेघ येऊ शकते. खाच नखाबरोबर पुढे निघून जाते, उभी रेघ कधी कधी कायमची राहते.

आता वारी. हाड शाबूत असेल तर सात आठवडे पुरेसे आहेत. हाडाला चीर असेल तर सहाव्या आठवड्याला पुन्हा दाखवून मगच ठरवा. सरावाला फक्त एक आठवडा उरेल, तेव्हा यंदा पूर्ण वारीऐवजी काही टप्पे चालण्याची मनाची तयारी असू द्या. शाबूत असेल तर तिसऱ्या आठवड्यापासून सपाटीवर वीस मिनिटं चालायला लागा आणि दर तीन-चार दिवसांनी दहा मिनिटं वाढवा. जिना उतरताना आणि चवड्यांवर उभं राहताना अंगठा दुखला नाही, म्हणजे लांब चालायला हरकत नाही. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाची चढण लागते. चढणीला भार चवड्यावर येतो, पण नखांची खरी परीक्षा उतारावर असते, पाऊल पुढे घसरून प्रत्येक पावलाला बोट बुटाच्या टोकावर आपटतं. लांब चालणाऱ्यांची नखं कुठलाही अपघात न होता काळी पडतात ती अशीच.

म्हणून पादत्राणाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय फुगलेले असतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नाडी घोट्यापाशी घट्ट, पंजावर सैल, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. फ्लोटर चालतील, टोक झाकलेले असतील तर उत्तम. कोल्हापुरी नको, तिचा अंगठा नेमका दुखऱ्या बोटाला कवळतो. रबरी स्लीपरही नकोत, पुढून उघड्या असतात आणि दमल्यावर पाय ओढत चाललं की ठेच ठरलेलीच. अनवाणी चालण्याचा नेम असेल तर तो यंदा बाजूला ठेवा, माउली समजून घेतील. नवीन बूट घालून निघू नका, किमान पन्नास किलोमीटर त्यात चालून झालेलं असू द्या. निघायच्या आठवडाभर आधी सगळी नखं सरळ रेषेत कापा, कोपरे खोल खणू नका. मोजे तीन-चार जोड घ्या, पावसात भिजले की मुक्कामाची वाट न पाहता बदला. सकाळी निघताना अंगठ्यावर गॉजची छोटी घडी आणि तिच्यावर कागदी पट्टी लावा, पट्टी बोटाभोवती पूर्ण वेढा घालून आवळू नका. दिवसभरात बोट सुजतं आणि ती काचते. रात्री मुक्कामी पट्टी काढून बोट उघडं ठेवा, उजेडात नीट बघा, पाय पडशीवर उंच टेकवा. वाटेत वैद्यकीय पथकं असतात, लाली किंवा पू दिसला तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

शेवटचं एक काम आजच करा. नखाशेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि दर महिन्याच्या एक तारखेला तसाच फोटो घ्या. या नखाला वर्षभर नेलपॉलिश, मेंदी लावू नका, डाग झाकला जाईल. साकळलेल्या रक्ताचा डाग मुळापासून पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ नख सोडत जातो. तीन महिन्यांत मागे स्वच्छ नख दिसलं नाही, डाग जागचा हलला नाही, मुळापासून टोकापर्यंत काळी उभी पट्टी दिसली आणि ती रुंदावत गेली, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नखाखाली होणारा एक प्रकारचा कर्करोग असाच दिसतो. तो दुर्मीळ आहे, पण पायाच्या अंगठ्यालाच तो जास्त होतो आणि ‘कधीतरी ठेच लागली असेल’ म्हणून वर्षानुवर्षं मागे पडतो. तुमच्या बाबतीत मार स्पष्ट आठवतोय, तासाभरात रंग आलाय, तेव्हा आज ती भीती धरण्याचं कारण नाही. फोटो मात्र चुकवू नका, आणि एक्स-रेमध्ये काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.